बोपण्णा ‘डबल्सच खेळतो’ म्हणणाऱ्यांसाठी

२७ जानेवारी २०२४ ला मेलबर्नमध्ये रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एबडनने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष डबल्स फायनल मारली, समोर सिमोने बोलेल्ली आणि आंद्रेआ वावासोरी ही इटालियन जोडी, स्कोर ७-६, ७-५. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा, चव्वेचाळिसावं लागायला महिना-सव्वा महिना बाकी. दोनच दिवस आधी पद्मश्री जाहीर झालेली आणि दोन दिवसांनी नवं रँकिंग आलं त्यात हा डबल्सचा वर्ल्ड नंबर वन. एवढ्या वयात पहिल्यांदा नंबर वन झालेला पुरुष टेनिसपटू त्याच्याआधी कोणी नव्हता. आणि त्या आठवड्यात जिथे जिथे विषय निघाला तिथे कोणीतरी एक जण हमखास बोललाच, की हो, पण डबल्सच ना, सिंगल्समध्ये कुठे होता तो?

सिंगल्समध्ये तो २१३ नंबरपर्यंत गेला होता, २००७ साली. त्यापुढे नाही. हे लपवायची काही गरज नाही, आणि मला वाटतं ते लाजिरवाणंही नाही. जगात दोनशे तेराव्या नंबरचा वकील किंवा दोनशे तेराव्या नंबरचा हार्ट सर्जन असता तर आपण त्याच्या गल्लीत बॅनर लावला असता. पण टेनिसमध्ये आपलं डोकं असं चालतं की सिंगल्स म्हणजे खरा खेळ आणि डबल्स म्हणजे ज्यांना ते जमलं नाही त्यांची सोय. माझा सगळा आक्षेप या ‘सोय’ म्हणण्याला आहे. डबल्स हा वेगळा धंदा आहे, त्याचं कसब वेगळं, त्याची तयारी वेगळी असायला हवी, आणि आपण त्याला कायम उरल्यासुरल्याचं खातं मानत आलो म्हणून जे मिळालं त्यापेक्षा बरंच जास्त हातचं घालवलं.

आधी कसबाचं बोलू, कारण टीव्हीवर डबल्स फार कमी दाखवतात आणि लोकांना वाटतं अर्धं कोर्ट सांभाळायचंय, त्यात काय. मुळात डबल्समध्ये कोर्ट रुंद होतं, दोन्ही बाजूच्या पट्ट्या, म्हणजे ट्रामलाइन्स, खेळात येतात, आणि समोर नेटजवळ एक माणूस फक्त तुमचा रिटर्न कापायला उभा असतो. सिंगल्समध्ये बरा वाटणारा, नेटवरून दोन-तीन फूट उंच जाणारा सेफ क्रॉसकोर्ट रिटर्न इथे आत्महत्या आहे, तो नेटवाला मधेच कापणार आणि परत तुमच्या पायातच येणार. त्यामुळे रिटर्न खाली, सर्व्ह करून पुढे धावत येणाऱ्याच्या बुटांवर, नाहीतर डोक्यावरून लॉब, नाहीतर सरळ नेटवाल्याच्या अंगावर. पहिली सर्व्ह आत पडणं हे जोरापेक्षा महत्त्वाचं, कारण पार्टनरने पाठीमागे बोटं दाखवून जो प्लॅन ठरवलाय तो दुसऱ्या सर्व्हवर अर्धा बोंबलतो. आय फॉर्मेशनमध्ये नेटवाला मधोमध वाकून बसलेला असतो आणि तो डावीकडे उडणार की उजवीकडे हे समोरच्याला सर्व्ह पडल्यावरच कळतं. त्यात टूरवर नो-अ‍ॅड, म्हणजे ४०-४० ला एकच पॉइंट, आणि तो कोणत्या बाजूने घ्यायचा हे रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. तिसरा सेटच नाही, दहा पॉइंटचा सुपर टायब्रेक. दीड तासात दोन पॉइंट इकडचे तिकडे झाले की बॅग भरून पुढच्या शहरात.

बोपण्णाला यातलं काय आयतं मिळालं होतं? उंची आणि सर्व्ह. बाकी कमावलेलं. कुर्गचा मुलगा, वडिलांची कॉफीची शेती, सर्व्हला ताकद यावी म्हणून लाकडं फोडायचा, कॉफीच्या मळ्यातून पळायचा, हे रिटायर होताना त्याने स्वतःच लिहिलंय. किशोरवयात तो पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकायला आला, म्हणजे या माणसाच्या टेनिसचा पाया आपल्या पुण्यात पक्का झालाय ही गोष्ट पुणेकर विसरतात, जे पुणेकर एरवी काहीच विसरत नाहीत. २००२ ला भारताच्या डेव्हिस कप टीममध्ये आला. आणि सिंगल्स येतच नव्हतं असंही नाही हां, २०१० मध्ये चेन्नईला ब्राझीलविरुद्ध भारत ०-२ वरून २-२ झाला तेव्हा पाचवी निर्णायक सिंगल्स यानेच रिकार्डो मेलोला हरवून काढली होती.

त्याच वर्षी यूएस ओपनला तो पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर फायनलला पोचला. इंडो-पाक एक्स्प्रेस. ब्रायन बंधूंनी दोन टायब्रेकमध्ये हरवलं, पण स्टँडमध्ये दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत शेजारी बसून मॅच बघत होते. आज हे वाचताना कुठल्या वेगळ्याच ग्रहावरची गोष्ट वाटते. असो.

तर २०१० ला पहिली ग्रँड स्लॅम फायनल, २०१७ ला गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर फ्रेंच ओपनचं मिक्स्ड, तेही फायनलमध्ये दोन मॅच पॉइंट वाचवून, आणि पुरुष डबल्सचं पहिलं ग्रँड स्लॅम थेट २०२४ ला. मधली वर्षं मोजा. तीस ते त्रेचाळीस. गुडघ्यातलं कार्टिलेज संपलेलं, रोज पेनकिलर, २०२१ च्या सुरुवातीला सलग हरत होता तेव्हा सोडून द्यावं असं वाटलेलं, मग अय्यंगार योगाने गुडघे सावरले असं तो सांगतो (त्याने केला बंगळुरात, पण त्याचं मूळ घर आपल्या मॉडेल कॉलनीत). लोकांना या गोष्टीत जिद्द दिसते आणि ती आहेच. मला मात्र आणखी एक प्रश्न पडतो की या माणसाला नंबर वन व्हायला त्रेचाळीस वर्षं का लागली. त्याच्यात त्रेचाळिसाव्या वर्षी नवीन काय आलं? एक तर टिकणारा पार्टनर आला. एबडन त्याच्याबरोबर २०२३ ची सुरुवात ते २०२४ ची अखेर असा खेळला, त्यात दोघांनी इंडियन वेल्स मारली, यूएस ओपनची फायनल खेळली, ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, मायामी जिंकली. दुसरं म्हणजे ठरलेली टीम आली, कोच, फिजिओ, प्लॅन. या दोन्ही गोष्टी पंचविशीतल्या खेळाडूलाही देता येतात, फक्त त्या देणारं कोणीतरी हवं.

आणि इथे मला बॅडमिंटनकडे बोट दाखवायचंय. आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांना कोणी म्हणतं का की सिंगल्स जमलं नाही म्हणून डबल्स खेळतात? नाही म्हणत. टॅन किम हर नावाचा मलेशियन कोच खास डबल्ससाठी आणला होता, त्याने ही दोन उंच पोरं टीनएजमध्येच एकत्र टाकली. सुरुवातीला दोघांची भाषा नीट जुळत नव्हती, दोघेही मागच्या कोर्टातून स्मॅश मारणारे, त्यामुळे पुढे कोण जाणार हाच प्रश्न, तरी कोच हटला नाही. पुढे थॉमस कप, कॉमनवेल्थ, एशियन गेम्सचं गोल्ड, वर्ल्ड नंबर वन. तिथे डबल्स हे वेगळं डिपार्टमेंट आहे, वेगळा कोच, वेगळं कॅम्प, वेगळं कोर्ट टाइम. टेनिसमध्ये आपल्याकडे काय होतं तर दोन नावं रँकिंग लिस्टवरून उचलायची, विमानात बसवायची आणि म्हणायचं जा, देशासाठी खेळा.

लंडन २०१२ आठवतंय? एआयटीएने, म्हणजे आपल्या टेनिस फेडरेशनने, पेस-भूपती जोडी ठरवली, भूपती नाही म्हणाला. मग पेस-बोपण्णा ठरवली, बोपण्णा नाही म्हणाला, कारण तो आणि भूपती त्या सीझनमध्ये एकत्र खेळत होते, ऑलिंपिक डोळ्यासमोर ठेवूनच. शेवटी दोन जोड्या गेल्या, भूपती-बोपण्णा आणि पेसबरोबर विष्णू वर्धन, आणि पेसची समजूत काढायला मिक्स्डमध्ये सानिया मिर्झा. सानियाने तेव्हा उघड सांगितलं की मला आमिष म्हणून वापरलं. नंतर भूपती-बोपण्णावर दोन वर्षांची बंदी घातली, ती कर्नाटक हायकोर्टात अडकली. मेडल? शून्य. चार वर्षांनी रिओला परत तेच, बोपण्णाला साकेत मायनेनी हवा होता, फेडरेशनने पेस दिला, पहिल्याच राउंडला बाहेर. मिक्स्डमध्ये सानिया-बोपण्णा ब्राँझच्या मॅचपर्यंत गेले आणि स्टेपानेक-ऱ्हाडेत्स्काकडून हरून चौथे आले.

या भांडणांत कोणाची चूक किती हे मी काढत बसणार नाही, पेसचे फॅन्स आणि भूपतीचे फॅन्स अजून एकमेकांशी बोलत नसतील. खेळाडूंचे इगो होतेच, कोणीही साधा नव्हता. पण फेडरेशनच्या डोक्यात जोडी ही एक वस्तू नव्हतीच, दोन वेगवेगळे प्लेअर होते ज्यांना आठवडाभर एकत्र उभं करायचं. डबल्स हा वेगळा खेळ आहे हे मान्य असतं तर दीड-दोन वर्षं आधी जोडी ठरवून तिला एकत्र टूरवर पाठवलं असतं. ज्या देशाकडे १९९९ मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला पोचलेली आणि त्यातल्या दोन जिंकलेली जोडी होती, त्या देशाला डबल्समध्ये ऑलिंपिकचं एकही मेडल नाही. पेसचं अटलांटाचं ब्राँझ सिंगल्सचं आहे. यावर हसावं की रडावं.

आता समोरची बाजू. एक म्हणजे पैसा. त्याच २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला सिंगल्सच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते, डबल्स जिंकणाऱ्या जोडीला ७ लाख ३० हजार, म्हणजे बोपण्णाच्या वाट्याला ३ लाख ६५ हजार. सिंगल्समध्ये चौथ्या राउंडला हरून घरी जाणाऱ्याला ३ लाख ७५ हजार मिळत होते. चॅम्पियनपेक्षा प्री-क्वार्टर हरणारा महाग! यावर लोक म्हणतात बघा, मार्केटनेच सांगितलं ना कशाची किंमत काय. पाच सेट खेळणाऱ्याला जास्त द्या, तिकिटं त्याच्या नावावर विकली जातात हेही खरं, मला मान्य आहे. पण मार्केट म्हणजे काही पाऊस नाही, आपोआप पडायला. कुठली मॅच सेंटर कोर्टवर टाकायची, कुठली मागच्या सतरा नंबरच्या कोर्टवर, कुठली टीव्हीवर दाखवायची, हे माणसं ठरवतात, आणि न दाखवलेल्या मॅचला प्रेक्षक नाही म्हणून तिची किंमत कमी असं म्हणायचं हा जरा चलाखपणा झाला. २००५ मध्ये तर पुरुषांची टूर चालवणाऱ्या एटीपीने पुढे डबल्समध्ये जवळपास सिंगल्सवाल्यांनाच एंट्री द्यायची असा घाट घातला होता, ब्रायन बंधूंसकट डबल्सवाले कोर्टात गेले तेव्हा कुठे तडजोड झाली, आणि त्या तडजोडीतूनच हे नो-अ‍ॅड आणि सुपर टायब्रेक आले.

दुसरा मुद्दा नेहमी येतो की टॉपचे सिंगल्सवाले मनावर घेऊन डबल्स खेळले तर या स्पेशालिस्टांचं दुकान बंद होईल. याची टेस्ट झाली की. ऑगस्ट २०२५ मध्ये यूएस ओपनने मिक्स्ड डबल्सचं रूपच बदललं, मुख्य स्पर्धेच्या आधी दोन दिवसांत सोळा जोड्या, फायनल सोडून बाकी सेट चार गेमचे, बक्षीस तब्बल १० लाख डॉलर, आणि एंट्री सिंगल्सच्या रँकिंगवर आणि वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या मर्जीवर. मोठी मोठी नावं उतरली, स्टेडियम भरलं, आणि जिंकलं कोण तर सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी, आधीच्या वर्षीचे चॅम्पियन, तिथली जवळपास एकटीच खरी डबल्सची जोडी, वाइल्ड कार्डवर आत घेतलेली. फायनलला इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना हरवलं. हा तोच वावासोरी ज्याला बोपण्णाने मेलबर्नच्या फायनलमध्ये हरवलं होतं. एका स्पर्धेवरून सगळं सिद्ध होत नाही आणि अल्कराझने सहा महिने फक्त डबल्सच खेळायचं ठरवलं तर तो भारी पडेलच, कोण नाही म्हणतंय. पण ‘आले की जिंकतील’ हे जे गृहीत धरलं जातं ते निदान त्या दोन रात्रींत तरी पडलं. आणि एक गोष्ट आयोजकांचीही मान्य करू, लाइट लावले, मोठं कोर्ट दिलं तर लोक डबल्स बघायला येतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, तो असा की डबल्सच्या ट्रॉफ्यांनी आपलं सिंगल्सचं दारिद्र्य झाकलं. पेसची १८, भूपतीची १२, सानियाची ६ ग्रँड स्लॅम मोजत आपण खूश राहिलो आणि तिकडे रमेश कृष्णननंतर सिंगल्समध्ये सोमदेव देववर्मन ६२, सुमित नागल ६८ याच्या वर पुरुषांत फार काही गेलं नाही. नागलने त्याच ऑस्ट्रेलियन ओपनला पहिल्या राउंडमध्ये सीडेड बुब्लिकला हरवलं आणि त्याच्या काही महिने आधी हाच मुलगा सांगत होता की बँकेत ९०० युरोसुद्धा नाहीत. भारताचा नंबर वन! हा आक्षेप खरा आहे. फक्त त्याचा गुन्हेगार चुकीचा पकडलाय. नागलकडे पैसे नव्हते ते बोपण्णाने नेले म्हणून नव्हेत. युरोपात वर्षाचे तीस आठवडे कोचसकट फिरायचा खर्च, घरी पुरेशा चॅलेंजर, म्हणजे मुख्य टूरच्या खालच्या पायरीच्या, स्पर्धा नाहीत, पुण्याच्या बालेवाडीत जी एटीपी स्पर्धा होती तीही २०२३ नंतर गेली, ही कारणं आहेत. (त्या बालेवाडीत बोपण्णाने २०१९ ला दिविज शरणबरोबर आणि २०२२ ला रामकुमार रामनाथनबरोबर टायटल मारलं होतं, आणि शेवटच्या दिवशी घरचा माणूस जिंकताना बघायला मिळाला तो डबल्समुळेच.) उद्या डबल्स बंद केलं तर सिंगल्समध्ये टॉप फिफ्टी निघेल असं कोणी छातीठोक सांगणार असेल तर सांगावं.

म्हणून मी काय दहा वर्षांच्या मुलाला डबल्सच्या बॅचला घाला म्हणतोय का? अजिबात नाही. अठरा-वीसपर्यंत सिंगल्सच खेळायला हवं, पाय, ग्राउंडस्ट्रोक, एकट्याने मॅच काढायची हिंमत हे सगळं तिथेच घडतं, आणि स्वतः बोपण्णाही तसाच घडलाय. पण ज्युनियर टूर्नामेंटला जाऊन बघा, मुलगा सिंगल्स हरला की आईवडील डबल्सला वॉकओव्हर देऊन गाडी काढतात, मॅच कसली, परीक्षा जवळ आलीय. अमेरिकेत कॉलेज टेनिसमध्ये टीम मॅचची सुरुवातच डबल्सने होते आणि त्या डबल्सचा एक पूर्ण पॉइंट असतो, म्हणजे प्रत्येक सिंगल्स खेळणाऱ्याला दोन-चार वर्षं झक मारत डबल्स शिकावं लागतं. पुण्याचा अर्जुन कढे त्या सिस्टिममधून ओक्लाहोमा स्टेटला खेळून आला आणि २०२४ मध्ये अल्माटीला ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर एटीपी टायटल जिंकला. किती मराठी पेपरांनी ती बातमी पहिल्या पानावर घेतली? ऋतुजा भोसले, श्रीरामपूरची, तिने बोपण्णाबरोबर हांगझोला एशियन गेम्सचं मिक्स्ड गोल्ड आणलं, तेव्हा दोन दिवस सत्कार झाले आणि मग विषय संपला.

युकी भांबरीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. २००९ चा ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनियर चॅम्पियन, सिंगल्समध्ये ८३ पर्यंत गेला, दुखापतींनी शरीर मोडलं, आणि आपण त्याला ‘वाया गेलेलं टॅलेंट’ म्हणून फाइल बंद केली. तो डबल्सकडे वळला आणि २०२५ च्या यूएस ओपनला मायकेल व्हीनसबरोबर सेमीफायनलला पोचला. वाया कुठे गेला? टेनिस खेळून पोट भरतोय, जगातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टांवर खेळतोय.

बावीस-तेविसाव्या वर्षी, सिंगल्समध्ये तीनशे-चारशेच्या आसपास अडकलेल्या मुलाला किंवा मुलीला कोणीतरी समोर बसवून स्वच्छ सांगायला पाहिजे की हा दुसरा रस्ता आहे, यात एवढी कमाई आहे, एवढी वर्षं आहेत, हे हे शिकावं लागेल, आणि हा तुझा पार्टनर. आज ते कोण सांगतं? स्वतः बोपण्णाने ‘डबल्स ड्रीम ऑफ इंडिया’ म्हणून उपक्रम काढलाय, त्यात भारतीय डबल्स खेळाडूंना टूरवर कोच आणि फिजिओची मदत मिळते. काम चांगलंय, पण एका खेळाडूने पदरचं डोकं आणि ओळखी लावून जे करायचं ते फेडरेशनचं काम होतं, त्यासाठीच तर फेडरेशन असते.

बोपण्णा १ नोव्हेंबर २०२५ ला रिटायर झाला, शेवटची मॅच पॅरिस मास्टर्सची, पार्टनर बुब्लिक, सुपर टायब्रेकमध्ये ८-१० ने गेली. आता पुढचं ऑलिंपिक २०२८ ला लॉस एंजेलिसला आहे. पुरुषांची एक जोडी आणि मिक्स्डची एक जोडी आत्ता ठरवा, डबल्सचा फुल टाइम कोच पगारावर ठेवा, त्यांना वर्षाचे निदान वीस आठवडे एकत्र खेळायला पैसे द्या आणि मधे एखाद्याचं सिंगल्स रँकिंग चाळीस नंबरने वर आलं म्हणून जोडी फोडू नका. बॅडमिंटनवाल्यांना विचारा हवं तर, त्यांच्याकडे हे सगळं कागदावर तयार असेल.